पाच दिवसांची सायकल-शर्यत

एका दिवसाच्या शर्यतीत जो पुढे तो विजयी. अनेक दिवसांच्या शर्यतीचा हिशेब निराळा. रोजचा वेळ मिळवीत जावयाचा आणि ज्याची एकूण बेरीज सर्वांत कमी तो पहिला. अर्थात एकही दिवस न जिंकता शर्यत जिंकता येते! पुढल्या स्वाराच्या आडोशाने वाऱ्याचा विरोध पुष्कळ घटतो. म्हणून सोबती आळीपाळीने वारा अंगावर घेऊन आपल्या नायकाचे बळ राखतात.

अशी शर्यत, 'पुणे ग्रँड टूर', २०२६ च्या जानेवारीत १९ पासून २३ तारखेपर्यंत पुणे जिल्ह्यात झाली. अंतर सुमारे ४३७ किलोमीटर. इंचभर रुंदीच्या चाकास लहान खड्डाही घातक, म्हणून तिच्यासाठी रस्ते नव्याने गुळगुळीत करण्यात आले. त्या दिवसांत रहदारी अडली, लोकांची गैरसोय झाली, हेही खरे. परंतु स्वार गेले, रस्ता मागे राहिला. शाळकरी मुले आता त्यावरूनच जातात.

इकडे ओरोसला पावसाळा दरसाल रस्ता खरवडतो. शाळेच्या वाटेवर मीही एकदा सायकलीसह खड्ड्यात पडलो आहे. पाहुण्या स्वारांसाठी जी तत्परता दिसली, ती शाळकरी पोरांसाठी आधीच का दिसू नये? दोन पावसाळे लोटल्यावर ते रस्ते कसे आहेत, हे मी पुण्याच्या आप्तांस पत्राने विचारणार आहे.