निद्रावस्थेनंतर नेटवर्क कार्ड बंद पडणे

निद्रावस्थेनंतर नेटवर्क कार्ड बंद पडणे हा वैयक्तिक संगणकात वारंवार आढळणारा दोष आहे. स्लीप मोडमध्ये, म्हणजेच निद्रावस्थेत गेलेला संगणक पुन्हा जागा होतो, पडदा उजळतो, उघडी ठेवलेली कागदपत्रे जशीच्या तशी दिसतात. परंतु संगणकजाळ्याशी असलेला त्याचा संबंध मात्र तुटलेलाच राहतो. तारेने जोडलेल्या इथरनेट कार्डात आणि बिनतारी वाय-फाय कार्डात, दोन्हींत हा दोष संभवतो. संगणक रीस्टार्ट केल्यावर तो बहुधा नाहीसा होतो. यावरून बहुतेक प्रसंगी कार्ड जळालेले किंवा खराब झालेले नसते, तर त्याला झोपवण्याच्या व जागे करण्याच्या क्रियेत कोठेतरी खंड पडलेला असतो, असा निष्कर्ष निघतो. त्यामुळे नवे कार्ड विकत घेण्यापूर्वी क्रमवार तपासणी करणे उचित ठरते.

नेटवर्क कार्डाचे कार्य

नेटवर्क कार्ड हा संगणक आणि जाळे यांच्यामधील दुवा होय. संगणकातील माहितीचे लहान लहान तुकड्यांत, म्हणजे पॅकेटांत, रूपांतर करून ती तारेवर किंवा रेडिओलहरींवर पाठवणे आणि बाहेरून आलेली पॅकेटे स्वीकारणे हे त्याचे काम आहे. पूर्वी हे कार्ड स्वतंत्र असून मदरबोर्डावरील खाचेत बसवले जाई. आजच्या बहुतेक संगणकांत ते मदरबोर्डावरच जडवलेले असते. प्रत्येक कार्डाला ४८ बिटांचा, म्हणजे ६ बाइटांचा, स्वतःचा मॅक पत्ता असतो.

कार्ड स्वतःहून चालत नाही. त्याला संचालन प्रणालीशी बोलते करणारी एक छोटी आज्ञावली असते, तिला ड्रायव्हर म्हणतात. संगणक झोपताना कार्डाची स्थिती नोंदवून ठेवणे आणि जागा झाल्यावर ती पुन्हा प्रस्थापित करणे ही जबाबदारी मुख्यतः या ड्रायव्हरची आहे.

इतिहास

संगणकाची वीज वाचवण्यासाठी इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट या कंपन्यांनी १९९२ मध्ये एपीएम हे मानक आणले. त्यात वीजनियंत्रणाचा मुख्य भार मदरबोर्डावरील बायोसवर होता. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी एसीपीआय हे नवे मानक प्रसिद्ध केले आणि कोणते उपकरण केव्हा झोपवायचे हा निर्णय संचालन प्रणालीकडे सोपवला. २०१३ पासून या मानकाची देखभाल युईएफआय फोरम ही संस्था करते. या बदलामुळे वीजबचत अधिक नेमकी झाली. पण बायोस, संचालन प्रणाली आणि ड्रायव्हर या तिघांनी एकमेकांना समजून घेणेही आवश्यक ठरले. प्रस्तुत दोषाचे मूळ बहुधा या तिघांच्या समन्वयातील उणिवेत सापडते.

निद्रावस्थेचे प्रकार

एसीपीआय मानकात संपूर्ण संगणकाच्या अवस्था एस-० ते एस-५ अशा सांगितल्या आहेत.

एस-० : संगणक पूर्ण जागा असून काम करत आहे.
एस-१ ते एस-३ : निद्रेच्या उत्तरोत्तर गाढ पायऱ्या. एस-३ मध्ये प्रक्रियकाची वीज बंद होते; केवळ तात्पुरत्या स्मृतीला, म्हणजे रॅमला, वीज मिळत राहते.
एस-४ : हायबरनेशन. रॅममधील सर्व मजकूर डिस्कवर उतरवून संगणक बंद होतो.
एस-५ : संगणक बंद, तथापि वीजजोडणी असल्यास थोडी राखीव वीज चालू राहते.

प्रत्येक उपकरणासाठी डी-० ते डी-३ अशा स्वतंत्र अवस्था आहेत. डी-० म्हणजे पूर्ण जागृत आणि डी-३ म्हणजे जवळजवळ वा पूर्णतः वीजविरहित. डी-३ मध्ये कार्डाची वीज पूर्ण तोडली गेली, तर त्याच्या अंतर्गत नोंदी पुसल्या जातात. जाग आल्यावर ड्रायव्हरने त्या नव्याने भराव्या लागतात. त्या अपुऱ्या भरल्या गेल्या, तर कार्डाला वीज मिळूनही ते मुके राहते.

अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत एस-३ ऐवजी एस-० मधील अल्पवीज अवस्था वापरली जाते. विंडोज ८ सोबत २०१२ मध्ये हिचे पहिले रूप आले. पुढे ती मॉडर्न स्टँडबाय या नावाने रूढ झाली. या अवस्थेत संगणक भ्रमणध्वनीप्रमाणे अर्धवट जागा राहतो.

निद्रावस्थेतही जाळ्यावरून संगणकाला हाक मारता यावी, यासाठी वेक-ऑन-लॅन ही सोय असते. घरातील सर्व मंडळी झोपली तरी ओसरीवरचा राखणदार जागा असावा, तसे या सोयीत केवळ नेटवर्क कार्ड जागे राहते. त्याला जागवणाऱ्या पॅकेटात कमाल मूल्याचे ६ बाइट आणि त्यापाठोपाठ मॅक पत्ता १६ वेळा, असे एकूण १०२ बाइट असतात. ही सोय अर्धवट चालू असल्यास कार्डाला कोणत्या अवस्थेत ठेवावे याबाबत बायोस व ड्रायव्हर यांच्यात विसंगती निर्माण होऊ शकते.

कारणे

१. जुना, सदोष किंवा संचालन प्रणालीच्या आवृत्तीशी न जुळणारा ड्रायव्हर.
२. वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची संचालन प्रणालीला दिलेली मुभा.
३. पीसीआय एक्सप्रेस जोडणी किंवा यूएसबी दाराची स्वतंत्र वीजबचत.
४. ऊर्जा-कार्यक्षम इथरनेट. आयईईई ८०२.३एझेड या २०१० च्या मानकानुसार शांत असलेली जोडणी अल्प विजेवर जाते. काही कार्डे व स्विच यांचे त्याबाबत जुळत नाही.
५. बायोसची जुनी आवृत्ती, किंवा राखीव वीज तोडणारी ईआरपी अथवा डीप स्लीप ही मांडणी.
६. जाग आल्यावर राउटरकडून आयपी पत्ता न मिळणे. यात कार्ड निर्दोष असते.

लक्षणे व निदान

तपासणी बाहेरून आत करावी. सर्वप्रथम दोष संगणकातच आहे काय, हे ठरवावे. त्याच राउटरला जोडलेल्या भ्रमणध्वनीवर, त्याचा स्वतःचा मोबाइल डेटा बंद करून, एखादे संकेतस्थळ उघडून पाहावे. ते उघडले, तर राउटर आणि बाहेरची जोडणी ठीक असून दोष संगणकात किंवा त्याच्या तारेत आहे. उघडले नाही, तर संगणकाला हात लावण्याचे कारण नाही.

दुसरी पायरी दिव्यांची. तारेच्या जोडणीत कार्डाच्या खाचेजवळ लहान दिवे असतात. जाग आल्यानंतर ते पूर्ण विझलेले असतील, तर कार्ड डी-३ अवस्थेतून बाहेर आलेले नाही किंवा तार सैल आहे. दिवे लागलेले असूनही संकेतस्थळ उघडत नसेल, तर पत्त्याचा किंवा ड्रायव्हरचा प्रश्न संभवतो.

तिसरी पायरी आयपी पत्त्याची. तो १६९.२५४ या अंकांनी सुरू होत असल्यास संगणकाला राउटरकडून पत्ता मिळालेला नाही आणि त्याने स्वतःच तात्पुरता पत्ता घेतला आहे, असे समजावे.

चौथी पायरी डिव्हाइस मॅनेजरची. विंडोजच्या या यादीत कार्डाच्या नावापुढे पिवळे चिन्ह आणि कोड १० असल्यास ते उपकरण सुरू होऊ शकलेले नाही. कार्डाचे नावच यादीतून गायब असल्यास संगणकाला ते दिसतच नाही, आणि मग बायोस व राखीव विजेकडे लक्ष द्यावे लागते.

उपाय

तात्कालिक उपाय : डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्ड डिसेबल करून पुन्हा इनेबल करावे. यामुळे ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि संपूर्ण संगणक बंद न करता काम भागते. पत्ता मिळालेला नसल्यास तार काढून पुन्हा लावावी किंवा वाय-फाय बंद करून चालू करावे.

येथे एक भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप या सोयीमुळे शट डाउन केल्यावर प्रणालीचा गाभा डिस्कवर साठवला जातो आणि पुढच्या वेळी तोच उचलला जातो. त्यामुळे शट डाउन करून संगणक पुन्हा चालू केला तरी बिघडलेली अवस्था टिकू शकते. रीस्टार्ट केल्यावर मात्र प्रणाली मुळापासून सुरू होते.

विंडोजमधील कायम उपाय : डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या गुणधर्मांत पॉवर मॅनेजमेंट हा भाग असतो. वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी संगणकाला देणारी खूण तेथून काढावी. मॉडर्न स्टँडबाय असलेल्या अनेक लॅपटॉपांत हा भाग दिसत नाही. त्यानंतर पॉवर ऑप्शन्समध्ये पीसीआय एक्सप्रेसची वीजबचत आणि, कार्ड यूएसबीवर असल्यास, यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करून पाहावे. तारेच्या कार्डात प्रगत गुणधर्मांमधील ऊर्जा-कार्यक्षम इथरनेट बंद करणे हाही एक उपाय आहे. एका वेळी एकच बदल करावा आणि संगणक झोपवून, जागवून परिणाम पाहावा. एकदम चार बदल केल्यास कोणत्या बदलाने गुण आला हे कळत नाही.

ड्रायव्हर संगणकाच्या किंवा कार्डाच्या निर्मात्याकडूनच घ्यावा. दोष एखाद्या अद्यतनानंतर सुरू झाला असेल, तर रोल बॅक करून आधीची आवृत्ती परत आणावी. जाळेच बंद असताना ड्रायव्हर कसा मिळवावा, अशी अडचण येते. अशा वेळी भ्रमणध्वनी यूएसबी तारेने जोडून त्याचे इंटरनेट संगणकाला देता येते. ड्रायव्हरची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवणे त्याहून सोयीचे.

लिनक्समधील उपाय : लिनक्समध्ये ड्रायव्हर हा गाभ्याचा सुटा घटक, म्हणजे मॉड्यूल, असतो. जाग आल्यावर तो उतरवून पुन्हा चढवल्यास कार्ड बहुधा सुरू होते. सिस्टिमडी वापरणाऱ्या वितरणांत निद्रेपूर्वी आणि निद्रेनंतर आपोआप चालणारी छोटी आज्ञापत्रे ठेवण्याची सोय आहे. तिच्या साहाय्याने झोपण्यापूर्वी मॉड्यूल उतरवणे आणि जाग आल्यावर चढवणे ही कृती कायमची नेमून देता येते. दोषाचे नेमके कारण गाभ्याच्या नोंदवहीत, निद्रा व जाग यांच्या वेळेजवळील ओळींत, शोधावे.

बायोस व राखीव वीज : कार्ड यादीतून पूर्ण नाहीसे झाल्यास संगणक बंद करून वीजजोडणी काढावी, पॉवरचे बटण सुमारे अर्धा मिनिट दाबून धरावे आणि नंतर जोडणी पूर्ववत करावी. डेस्कटॉपमधील ५ व्होल्टची राखीव वीज संगणक बंद असतानाही कार्डापर्यंत पोहोचत असल्याने केवळ बटणाने बंद करणे पुरेसे नसते. दोष वारंवार येत असल्यास बायोसमधील ईआरपी व वेक-ऑन-लॅन या मांडण्या तपासाव्यात.

वीजपुरवठा आणि तालुक्याच्या गावांतील वापर

मोठ्या शहरात हा दोष गैरसोयीचा असतो. तालुक्याच्या गावी मात्र त्याचे परिणाम अधिक दूरवर जातात. नाशिक जिल्ह्यातील नांदगाव हे मुंबई–भुसावळ लोहमार्गावरील, मनमाड आणि चाळीसगाव यांच्या दरम्यानचे तालुक्याचे ठिकाण आहे. अशा गावी आसपासच्या खेड्यांतील लोक उत्पन्नाचा वा जातीचा दाखला, सातबारा उतारा, शिष्यवृत्तीचा किंवा परीक्षेचा अर्ज यांसाठी संगणक सेवा केंद्रांवर अवलंबून असतात. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नंतर अनेक शासकीय सेवा आपले सरकार या संकेतस्थळावरून मिळू लागल्या, आणि त्यासोबत केंद्रातील एका संगणकाचे महत्त्वही वाढले.

चालक जेवणासाठी उठतो, तेवढ्यात संगणक झोपतो. परतल्यावर संकेतस्थळ उघडत नाही. अशा वेळी सर्व्हर डाऊन आहे, उद्या या, हे उत्तर सहज दिले जाते. सर्व्हर खरोखर बंद असण्याचे प्रसंगही येतात. परंतु दोष खोलीतल्याच संगणकात असेल, तर अर्जाच्या अंतिम दिवशी आलेल्या विद्यार्थ्याचे वर्ष किंवा मजुरी बुडवून आलेल्या माणसाची खेप विनाकारण वाया जाते. वर सांगितलेली भ्रमणध्वनीची चाचणी एका मिनिटात हा निवाडा करते.

खंडित वीजपुरवठा ही दुसरी बाजू होय. एस-३ निद्रेत असताना वीज गेली आणि यूपीएस किंवा बॅटरी नसेल, तर रॅममधील न साठवलेले काम नष्ट होते. वीज वारंवार जाणाऱ्या ठिकाणी डेस्कटॉपसाठी निद्रेऐवजी हायबरनेशन सुरक्षित ठरते. संगणक यूपीएसवर आणि राउटर मात्र साध्या जोडणीवर असेल, तर आणखी एक घोटाळा होतो. वीज परत आल्यावर राउटर पूर्ण सुरू होण्यास काही मिनिटे घेतो. संगणक तत्पूर्वीच जागा झाल्यास त्याला पत्ता मिळत नाही आणि कार्ड बिघडल्याचा भास होतो. राउटरही यूपीएसवर जोडणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

कार्यालयीन वेळेत स्वयंचलित निद्रा बंद ठेवून केवळ पडदा विझवण्याची मांडणी केल्यास हा दोष उद्भवतच नाही. मात्र त्यामुळे विजेचा वापर वाढतो. म्हणून संध्याकाळी संगणक पूर्ण बंद करावा.

कार्ड खरोखर निकामी असल्यास

रीस्टार्ट केल्यानंतर आणि राखीव वीज काढून पाहिल्यानंतरही कार्ड दिसत नसेल, किंवा पेन ड्राइव्हवरून चालवलेल्या दुसऱ्या संचालन प्रणालीतही ते सुरू होत नसेल, तर यंत्रदोषाची शक्यता बळावते. वीज चमकल्यानंतर तारेमार्फत आलेला झटका हे त्याचे एक परिचित कारण आहे. तेव्हाही संपूर्ण मदरबोर्ड बदलण्याची आवश्यकता नसते. मदरबोर्डावरील कार्ड बायोसमधून बंद करून मोकळ्या खाचेत स्वतंत्र कार्ड बसवता येते किंवा यूएसबी दाराला जोडणारा इथरनेट अडॅप्टर वापरता येतो. याउलट दुसऱ्या प्रणालीत तेच कार्ड निद्रेनंतरही व्यवस्थित चालत असेल, तर दोष ड्रायव्हरचा किंवा मांडणीचा आहे हे निश्चित होते आणि खरेदीचा खर्च वाचतो.