फोटोतल्या घुबडाच्या पायातली वादी

पडक्या गोठ्याची खिडकी, चौकटीवर शेवाळ, मागे संध्याकाळचा पिवळा उजेड आणि त्यातून पंख पसरून आत झेपावणारे गव्हाणी घुबड. ब्रिटनमधून असे फोटो समाजमाध्यमांवर नेहमी येतात. पाहणाऱ्याला वाटते, छायाचित्रकार कित्येक रात्री दबा धरून बसला असेल. प्रत्यक्षात अनेकदा ते घुबड पिंजऱ्यात जन्मलेले असते. खिडकीसमोर शुल्क भरून आलेले सात-आठ जण कॅमेरे रोखून बसलेले असतात आणि चौकटीबाहेर, फोटोत दिसणार नाही अशा जागी, जाड हातमोजा घातलेला एक माणूस मांसाचा तुकडा धरून उभा असतो.

यात बेकायदा काही नाही. ससाणे, बाज, घुबडे पाळून त्यांना हातावर उतरायला शिकवण्याची परंपरा ब्रिटनमध्ये जुनी आहे. पक्षी पाळणारी केंद्रे छायाचित्रकारांसाठी अशी सत्रे भरवतात. उलट रानातल्या गव्हाणी घुबडाला त्याच्या घरट्याजवळ त्रास देणे हा तिथे १९८१ च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा आहे. घरट्यावरचे फोटो काढायचे तर परवाना लागतो. त्यामुळे पाळलेल्या पक्ष्याचे फोटो काढले की रानातल्या घरट्यांवरची गर्दी कमी होते, हा या सत्रांच्या बाजूने दिला जाणारा युक्तिवाद बिनबुडाचा नाही. मात्र तो खरा ठरायचा तर दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक पक्ष्याच्या शरीराशी संबंधित आहे, दुसरी फोटोखालच्या ओळीशी.

आधी शरीर. शिकारी पक्षी कुत्र्यासारखा मालकाला खूश करण्यासाठी काही करत नाही. तो हातावर येतो तो भुकेपोटी. म्हणून पक्षी सांभाळणारा त्याचे रोज वजन करतो. गव्हाणी घुबड असते जेमतेम तीन-साडेतीनशे ग्रॅमचे. दहा-पंधरा ग्रॅम जास्त भरले तर ते झाडावर जाऊन बसेल आणि हाक मारली तरी ढिम्म हलणार नाही. तेवढेच कमी भरले तर त्याला अशक्तपणा येऊ शकतो. प्रत्येक उड्डाणाची मजुरी म्हणजे कोंबडीच्या पिल्लाच्या मांसाचा छोटासा तुकडा. दिवसाचे खाणे संपले की काम संपले. ससाण्याच्या गळ्यात अन्न साठवणारी पिशवी असते, घुबडाला तीही नसते. ‘फोकस चुकला, अजून एकदा उडवा’ हे म्हणायला सोपे आहे, पण किती वेळा उडवायचे ते ठरते घुबडाच्या पोटावर. चांगल्या केंद्रात दोन-तीन पक्षी आळीपाळीने आणतात आणि मधे त्यांना सावलीत, शांत जागी बसवतात. एकच पक्षी दिवसभर उडवला जात असेल, तर पैसे भरलेल्या माणसाने कॅमेरा खाली ठेवावा. तिथे काहीतरी चुकते आहे.

आणखी दोन जागा कॅमेरा उचलण्यापूर्वी पाहण्यासारख्या असतात: शेपूट आणि तळवे. शेपटीची पिसे टोकाला तुटलेली, फाटलेली असतील तर पक्षी अडचणीच्या जागेत ठेवला जात असण्याची शक्यता असते. तळवे सुजलेले असतील तर तो अयोग्य दांडीवर तासन्‌तास बसलेला असू शकतो. त्यातून तळव्याला जंतुसंसर्ग होतो आणि तो बरा होता होत नाही.

भीती ओळखणे अवघड नाही. बरीच घुबडे घाबरली की अंग चोरून उभी, बारीक होतात आणि डोळे किलकिले करतात. नवख्याला ती ‘पोझ’ वाटते. पिसे फुलवून, मान खाली घालून चोच वाजवणे म्हणजे धमकी. चोच उघडी ठेवून धापा टाकणे म्हणजे उकाडा किंवा ताण. हातावरून पुन्हा पुन्हा झेप घेऊन पायातल्या चामड्याच्या वादीला उलटे लोंबकळणारा पक्षी तर सरळच सांगत असतो, मला इथून जायचे आहे.

गव्हाणी घुबडाच्या कानांची छिद्रे डाव्या-उजव्या बाजूला कमीजास्त उंचीवर असतात. त्यामुळे पूर्ण अंधारातही ते केवळ आवाजावरून उंदीर पकडते, हे प्रयोगांतून दिसले आहे. अशा कानांजवळ सात-आठ कॅमेऱ्यांची खडखडाट करणारी शटर्स चालवण्यापेक्षा आवाजाविना फोटो काढण्याची सोय वापरणे शहाणपणाचे. पावसाचा देखावा करण्यासाठी पाणी फवारणे तर नकोच. निःशब्द उड्डाणासाठी मऊ झालेली त्याची पिसे पाणी नीट अडवत नाहीत.

जागेची निवडही वाटते तितकी क्षुल्लक नाही. हॅरिस हॉक हा अमेरिका खंडातला पक्षी. तो ब्रिटनच्या माळरानावर बसवून काढलेला फोटो देखणा असतो, पण भूगोल चुकीचा शिकवतो. गोठ्यातले गव्हाणी घुबड मात्र शोभते. ते खरोखरच तिथे राहते. मराठी नावातही गव्हाण आहेच.

आता फोटोखालची ओळ. पायातली वादी संगणकावर पुसता येते. ‘पाळलेला पक्षी’ हे दोन शब्द न लिहिता फोटो पुढे पाठवणे त्याहून सोपे. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमच्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धेत २००९ मध्ये कुंपणावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचा फोटो सर्वोत्कृष्ट ठरला होता. तो लांडगा बहुधा माणसाळलेला असावा, असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला आणि जानेवारी २०१० मध्ये पारितोषिक काढून घेतले. छायाचित्रकाराने आरोप नाकारला. गंमत अशी की ‘माणसाळलेला लांडगा’ असे लिहून तोच फोटो दुसरीकडे छापला असता, तर कोणाची हरकत असण्याचे कारण नव्हते.

नुकसान स्पर्धेपुरतेही राहत नाही. रानातला म्हणून खपलेला फोटो पाहून दुसरा कोणी तसाच मिळवायला खऱ्या गोठ्यात, खऱ्या घरट्यापाशी जातो. मग घरटी वाचवण्याचा युक्तिवादच उलटतो.

हे फोटो महाराष्ट्रातल्या हौशी छायाचित्रकारांच्या मोबाइलवरही पोहोचतात, आणि इथला कायदा वेगळा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार इथली घुबडे, शिक्रे, ससाणे पकडणे, पाळणे, विकणे गुन्हा आहे. माणसाच्या ताब्यातले असे पक्षी रीतसर दिसतात ते प्राणिसंग्रहालयांत आणि जखमी प्राण्यांच्या उपचार केंद्रांत. उपचार केंद्रातल्या पक्ष्याला बरा करून सोडायचे असते, माणसाची सवय लावायची नसते. लहानपणी माणसाच्या हातून वाढलेले पिल्लू माणसालाच आपल्या जातीचे समजू लागते आणि मग त्याला रानात सोडणे कठीण होते. जुन्या वाड्याच्या माळ्यावरून पडलेले पिल्लू दिसले, तर त्याला फांदीवर बसवून फोटो काढत बसू नये. भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, काही न भरवता ठेवावे आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.