गाळाला दर, डोहाला नाही
पाणलोटाचा पैसा : लेखांक ६

पाणलोटाचा आराखडा गावपातळीवर कसा तयार होतो, याचा विचार मागील लेखांकात झाला. त्या आराखड्यासाठी पैसा कोणत्या वाटेने येतो आणि त्यात नदीतील माशाच्या वाट्याला काय उरते, हा या लेखांकाचा विषय आहे. पाणलोट म्हणजे ज्या भूभागावर पडलेले पाऊसपाणी शेवटी एकाच ओढ्याला किंवा नदीला जाऊन मिळते तो सगळा भूभाग. या अर्थाने बालाघाटच्या पठारावरून मांजरा, तेरणा आणि मन्याडकडे उतरणारी लातूर-नांदेडची शिवारे अखेरीस गोदावरीच्याच पाणलोटात येतात.

या क्षेत्रातील अनुदानाचे सर्वांत जुने माप हेक्टर हे आहे. प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेच्या पाणलोट घटकाच्या दुसऱ्या टप्प्यात, ज्याला केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये मंजुरी दिली, सपाट प्रदेशासाठी हेक्टरी २२,००० रुपये आणि दुर्गम व डोंगराळ प्रदेशासाठी २८,००० रुपये असा दर आहे. लोकवाटा, म्हणजे लाभधारकाने स्वतः उचलायचा हिस्सा, हे या व्यवस्थेचे दुसरे अंग होय. २००८ च्या सामायिक मार्गदर्शक सूचनांनी खासगी जमिनीवरील मृद्‌-जलसंधारणाच्या कामांसाठी किमान १० टक्के, तर अनुसूचित जाती-जमाती व अल्पभूधारकांसाठी ५ टक्के लोकवाटा ठरविला. मत्स्यपालन मात्र त्यांनी खर्चिक व्यवसायांच्या रांगेत बसवून तेथे सर्वसाधारण शेतकऱ्याचा हिस्सा थेट ४० टक्क्यांवर नेला. बांध हे सार्वजनिक हित आणि मासा हा खासगी नफा, ही समजूत या एका आकड्यात स्पष्ट दिसते.

दुसरे माप घनमीटर. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्यानंतर गाळ काढणे हा मराठवाड्यात जिव्हाळ्याचा विषय झाला आणि २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आली. २०२३ मध्ये नव्याने सुरू झालेल्या या योजनेत यंत्रसामग्री व इंधनासाठी घनमीटरला ३१ रुपये, आणि गाळ शेतात वाहून नेऊन पसरण्यासाठी पात्र अल्पभूधारकास घनमीटरला ३५.७५ रुपये, एकरी १५,००० रुपयांच्या मर्यादेत, अडीच एकरांपर्यंत, असे अनुदान ठरले. एकरी साधारण ४०० घनमीटर म्हणजे सुमारे १४० ब्रास. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत अंदाजे एक ब्रास धरला, तर एका एकरावर १४० खेपा. काळ्या सुपीक गाळाचे मोल शेतकऱ्याला सांगावे लागत नाही, आणि खेपा मोजता येत असल्याने देयकही सहज निघते. अडचण अशी की हाच हिशेब नदीपात्राला लावला, की पात्र जितके सरळ, रुंद आणि एकसारख्या खोलीचे होईल तितके काम मोठे ठरते.

मासा मात्र एकसारख्या खोलीत जगत नाही. उन्हाळ्यात मराठवाड्यातील नद्यांची धार तुटते आणि पाणी उरते ते डोहांत; मरळ, वाम यांसारखे मासे तेथेच तग धरतात, आणि पूर आला की उरलेल्या प्रौढ माशांपासून पुढची पिढी वाढते. डोहाच्या काठची झाडे, पाण्यात झुकलेली मुळे, तळातील खडक व वाळू हे सगळे मिळून अधिवास बनतो, म्हणजे जगण्या-विण्याची जागा. या अधिवासासाठी अंदाजपत्रकात स्वतंत्र बाब सहसा सापडत नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत वैयक्तिक प्रकल्पांना सर्वसाधारण गटासाठी ४० टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींसाठी ६० टक्के अनुदान आहे. नदीत मत्स्यबीज सोडण्याची तरतूदही तीत आहे. पण बोटुकली, म्हणजे बोटाएवढे वाढलेले पिल्लू, मोजून सोडता येते, ते लपणार कोठे हे मोजायला कोणी बसत नाही. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात १९९८ च्या सार्वमताने लॉटरीच्या उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा सॅमन मासा आणि पाणलोट या दोहोंच्या पुनरुज्जीवनासाठी एकत्रच राखून ठेवला. आपल्याकडे पाणलोट एका खात्याकडे आणि मासा दुसऱ्याकडे, त्यामुळे डोह कोणाच्याच फाईलमध्ये नसतो. अलीकडच्या काळातली नसली तरी देवाच्या नावाने डोह राखण्याची रीत महाराष्ट्राला अपरिचित नाही. महाडजवळच्या वाळणकोंडीत मासे धरले जात नाहीत, आणि त्यासाठी कोणते अनुदान लागलेले नाही.

अनुदानाशिवाय, आणि येथे तर नकळत, माशाच्या पदरी पडलेला असाच लाभ गोदावरीवरही दिसतो. नांदेड जिल्ह्यातील धर्माबाद तालुक्यात या नदीवरील बाभळी बंधाऱ्याचे १४ दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात उघडे ठेवावे लागतात. निकाल होता दोन राज्यांच्या पाणीवाटपाचा. तथापि हे चार महिने म्हणजे पुराबरोबर वर चढणाऱ्या माशांच्या विणीचाही हंगाम, आणि तेवढ्या काळात या एका बंधाऱ्यापुरती गोदावरीची वाट मोकळी असते.