सारस घडवायला एक चौकोन पुरतो

भाऊबीज झाली की पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत मंडया भरू लागतात आणि वडसाच्या नाटक कंपन्या गावोगाव रात्री जागवू लागतात. धान कापून बांध्या मोकळ्या होतात, पुंजणे उभे राहतात. गोंदिया जिल्ह्यातल्या इटियाडोह धरणाच्या परिसरात हिवाळा आला तो असा. विदर्भात सर्वांत कमी तापमानाची नोंद पुष्कळदा गोंदियाच्याच नावावर असते. त्यात हा जिल्हा राज्याच्या पूर्व टोकाला, म्हणून डिसेंबरात मुंबईपेक्षा जवळपास अर्धा तास आधी इथे सूर्य मावळतो. साडेपाचनंतर अंगणातले पोट्टे घरात येतात आणि जेवणापर्यंतचा वेळ कसा घालवावा हा प्रश्न आईबापांपुढे उभा राहतो. मोबाइल हे त्याचं सोपं उत्तर. कागद हे थोडं कष्टाचं, पण बिनखर्चाचं.

हिवाळ्यातल्या हस्तकलेच्या तयार पेट्या बाजारात मिळतात, त्यांत बर्फाचे बाहुले असतात आणि कापसाचा बर्फ. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या मुलानं बर्फाचा बाहुला का करावा, हे मला कळत नाही. गाढवी नदी अडवून १९७० च्या सुमारास उभं राहिलेलं इटियाडोह धरण त्याच्या समोर आहे. जवळच नवेगावबांधचा जुना तलाव आहे. थंडीत तिथे पट्टकादंब उतरतात, तलवार बदकं येतात, ढिवरांचे डोंगे पाण्यावर असतात. एवढे नमुने समोर असताना पेटी कशाला हवी?

सुरुवात डोंग्यानंच करावी. वर्तमानपत्राची होडी पाच वर्षांच्या मुलालाही जमते. मात्र ती बादलीत सोडली की थोड्याच वेळात बसते, कारण कागद म्हणजे वनस्पतींच्या तंतूंची जाळी आणि ते तंतू पाणी ओढून घेतात. दिवाळीतली उरलेली मेणबत्ती होडीच्या तळाला आणि बाजूंना घासा. आता ती कितीतरी जास्त टिकते. दोन्ही होड्या शेजारी सोडून मुलांनाच पाहू द्या, समजावून सांगायला लागत नाही.

वर्तमानपत्राची आणखी एक गंमत आहे. पान एका दिशेनं फाडलं तर पट्टी सरळ निघते, दुसऱ्या दिशेनं फाडलं तर वाकडीतिकडी. यंत्रावर कागद तयार होताना बरेचसे तंतू यंत्राच्या धावेच्या दिशेनं आडवे होतात, त्या दिशेत फाडणं सोपं जातं. घडीही त्याच दिशेत स्वच्छ पडते. हे तंतू पूर्वी आपल्याच भागातून जात. बल्लारपूरची कागद गिरणी १९४५ ची, आणि तिच्या लगद्यासाठी पूर्व विदर्भातल्या जंगलांचा बांबू वर्षानुवर्षं गेला. ज्याच्या कामट्यांचा आकाशकंदील होतो, त्याच बांबूचा वरचा कागदही होतो, हे मुलांना सांगितलं तर ती दोन क्षण तरी थांबतात.

चिकटवायला डिंक नसला तर मऊ भाताची चार शितं बोटानं चोळावीत. पतंगवाले हेच करतात. भिरभिऱ्यासाठी तर शितंही नकोत. कागदाची लांब पट्टी घ्यायची, अर्ध्यापर्यंत मधोमध कापायची, दोन पाती विरुद्ध बाजूंना वळवायची आणि खालचं टोक दुमडून जड करायचं. खुर्चीवर उभं राहून सोडलं की गरगरत खाली येतं. पाती उलट्या बाजूंना वळवली तर उलटं फिरतं. जंगलात बिजाच्या झाडाखाली कडेला पातळ पंख असलेल्या चकतीसारख्या शेंगा सापडतात. त्याही वाऱ्यावर अशाच लांब जातात.

पण कागदकामाचा खरा राजा पक्षीच. जपानी घडीतला क्रौंच जगभर गेला तो हिरोशिमाच्या सादाको सासाकीमुळे. अणुबॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती, रक्ताच्या कर्करोगानं १९५५ मध्ये बाराव्या वर्षी गेली. आजारपणात ती कागदाचे क्रौंच करत होती. १९५८ मध्ये तिथे उभारलेल्या बालस्मारकाला आजही जगभरची मुलं असे क्रौंच पाठवतात. आपल्याकडे क्रौंचाचा भाऊबंद आहे सारस, उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच. महाराष्ट्रात तो आता उरला आहे मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात, धानाच्या बांध्यांत घरटी करून. शेतकऱ्यांनी घरटं सांभाळलं तरच पिल्लू जगतं. तेव्हा घडी जपानची असली तरी पक्षी आपलाच करावा.

चौकोनी कागदावर दोन्ही कर्ण एका बाजूनं आणि दोन्ही मधल्या घड्या उलट्या बाजूनं घाला. मग चारही कोपरे एकत्र आणले की छोटा चौकोन मिटतो. त्याची उघडी टोकं आपल्याकडे ठेवून वरच्या थराच्या दोन कडा मध्यरेषेला आणा, वरचा त्रिकोण खाली मोडा आणि सगळं उलगडा. आता खालचं एक टोक धरून वर उचला, बाजू आपोआप आत येतात. इथेच मुलं रडकुंडीला येतात आणि मोठी माणसं कागद हिसकावून घेतात. घेऊ नका. स्वतःचा वेगळा कागद घेऊन शेजारी करून दाखवा. मागच्या बाजूलाही हेच करा, खालच्या दोन टोकांना निमुळतं करून वर वळवा, एक मान, एक शेपूट. चोच मोडा, पंख पसरा. डोक्यावर आणि मानेच्या वरच्या भागावर ओलं कुंकू बोटानं लावलं की सारस झाला. सारस जोडीनं राहतात, म्हणून दोन करावेत.

मराठीत ही कला घराघरांत नेण्यात डॉ. अनिल अवचट यांचा वाटा मोठा, त्यांचं ‘मजेदार ओरिगामी’ मुलांच्या हाती द्यावं असं पुस्तक आहे. घडीला पोरखेळ समजणाऱ्यांसाठी एक जुनी गोष्ट. टी. सुंदर राव यांनी १८९३ मध्ये मद्रासला कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं इंग्रजी पुस्तक काढलं. त्याची कल्पना त्यांना बालवाडीतल्या घडीकामाच्या साहित्यावरून सुचली होती. पुढे जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी त्याची दखल घेतली आणि ते परदेशातही छापलं गेलं.

रंगीत कागद विकत आणू नका. ३१ डिसेंबरला भिंतीवरचं कॅलेंडर उतरेल, ते रद्दीत घालू नका. त्याच्या कोपऱ्याची घडी समोरच्या कडेला लावून उरलेली पट्टी फाडली की मोठा चौकोन मिळतो, आणि पहिला पक्षी शिकायला मोठाच चौकोन लागतो.