गिटारची मान

विद्यार्थ्यांनो, तुम्ही गिटार पाहिली असेल. तुमच्यापैकी कोणी ती वाजवतही असेल. गिटारचे पोट मोठे व देखणे असते, म्हणून सर्वांचे लक्ष तिकडेच जाते. पण वाजवणाऱ्याचा डावा हात सारा वेळ असतो तो तिच्या मानेवर. मान म्हणजे तारांखालची लांब लाकडी दांडी. बोटे तारा दाबतात आणि अंगठा मानेच्या पाठीवर टेकून वरखाली सरकत राहतो. अंगठा अडखळला की सूरही अडखळतो.

बास गिटारमध्ये ही अडचण अधिक जाणवते. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ साली विजेवर चालणारी बास गिटार बाजारात आणली. तिच्या मोकळ्या तारेची लांबी चौतीस इंच होती. एवढ्या लांब मानेवर हाताला किती धावावे लागत असेल, याचा विचार करा.

मग हात अडतो का? पुष्कळांना वाटते, लाकूड खडबडीत असेल. खरे तर उलट असते. नव्या मानेवर लॅकरचा चकचकीत थर असतो. हाताला घाम आला की ओलसर कातडी त्या गुळगुळीत थराला चिकटते. तेव्हा दोष लाकडाचा नसतो, वरच्या चमकेचा असतो. व्हायोलिन बनवणारे हे फार पूर्वीपासून जाणतात. ते व्हायोलिनच्या अंगाला सुंदर व्हार्निश लावतात, पण मानेचा हाताखालचा भाग जवळजवळ उघडाच ठेवतात.

म्हणून पहिला उपाय अगदी थोडा आहे : थर काढायचा नाही, फक्त त्याची चमक मारायची. त्यासाठी तारा सैल करून बाजूला घ्याव्यात. मानेची समोरची बाजू, म्हणजे जिथे पडदे असतात ती, कागदी चिकटपट्टीने झाकावी. विजेच्या गिटारला तारांखाली लोहचुंबक असतात. तेही झाकावेत, नाहीतर घासताना निघणारी भुकटी त्यांच्यावर बसते. मग सहाशे नंबरचा पॉलिश पेपर घ्यावा. नंबर जितका मोठा, तितका कागद बारीक. कागद मानेच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे लाकडाच्या रेषांबरोबर, हलक्या हाताने फिरवावा. आडवा फिरवला तर ओरखडे पडतात आणि ते लपत नाहीत. चमक जाऊन सारखा मंदपणा आला की थांबावे. शेवटी सुक्या फडक्याने पुसावे. पुष्कळांचे काम एवढ्यावरच भागते. काही महिन्यांनी हाताच्या घर्षणाने चमक पुन्हा येते, तेव्हा पुन्हा कागद फिरवता येतो.

काही जण मात्र थर पूर्ण काढून लाकूड उघडे करतात. इथे सावध राहायला हवे. साध्या गिटारच्या सहा पोलादी तारा मिळून मानेवर सुमारे सत्तर किलोचा ताण देतात. उघडे लाकूड पावसाळ्यात हवेतले पाणी पिते, उन्हाळ्यात ते सोडते. ताण आणि ओल एकत्र आली की मान वाकू शकते. मग तारा पडद्यांपासून दूर जातात किंवा त्यांना लागून खरखरतात. शिवाय घासून गेलेले लाकूड परत येत नाही. गिटार जुनी आणि किमती असेल, तर मूळ थर गेल्याने तिची किंमतही उतरते. आणि गिटार दुसऱ्याची असेल, तर विचारल्याशिवाय कागद हातात घेऊच नये!

उघड्या लाकडाला तेल पाजावे लागते. त्यासाठी फर्निचरला लावतात ते जवसाचे तेल चालते. आधी लाकडावर ओले फडके फिरवावे. लाकडाचे बारीक तंतू उभे राहतात. ते सुकले की चारशे नंबरच्या कागदाने घासून टाकावेत. मग तेलाचा पातळ हात द्यावा. दहा-पंधरा मिनिटांनी जास्तीचे तेल पुसून घ्यावे आणि मान एक दिवस सुकू द्यावी. असे दोन-तीन वेळा करावे. तेलाचे फडके मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नये. जवसाचे तेल सुकताना तापते आणि गुंडाळलेले फडके आपोआप पेट घेऊ शकते. ते मोकळ्या हवेत पसरून वाळवावे.

घासण्याच्या या कामाला तुमच्या भाषेत एक सुंदर शब्द आहे : सैकल. सैकल म्हणजे झिलई. त्यावरूनच शिकलगार हा शब्द आला. शिकलगार शस्त्रांना धार लावीत व चमक देत. सांगली जिल्ह्यातील मिरजेत सतार आणि तंबोरे बनवणारी घराणी मूळची शिकलगारांचीच. तलवारींचे दिवस सरले, तेव्हा तेच हात तंतुवाद्यांकडे वळले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

तेल पूर्ण सुकले की चिकटपट्टी काढावी, तारा चढवाव्यात आणि सूर जुळवावा. पहिला दिवसभर सूर थोडा उतरत राहील. मानेवर पुन्हा ताण बसत असतो, म्हणून दुसऱ्या दिवशी एकदा जुळवून घ्यावे.