सोनेरी केस? सुखी शेवट! काळे केस? राम राम!

गोरा रंग, सोनेरी कुरळे केस, निळे डोळे? अभिनंदन, तुमचं लग्न ठरलं! केस काळे, डोक्यात बुद्धी आणि जीभ जरा तिखट? मग हिरो हातचा गेलाच म्हणून समजा. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लिश कादंबरीत नायिकेची कुंडली अशी हेअर कलरवरून मांडली जायची. सर वॉल्टर स्कॉटची १८१९ची 'आयव्हॅन्हो' घ्या. जखमी हिरोची शुश्रूषा करते काळ्या केसांची रिबेका आणि बोहल्यावर चढते गोरीपान रोवेना!

हा अन्याय कुणी पकडला, माहीत आहे का? चक्क एका कादंबरीतल्याच मुलीने! जॉर्ज एलियटच्या 'द मिल ऑन द फ्लॉस'मधली (१८६०) सावळी मॅगी हातातलं पुस्तक अर्धवट वाचून परत करते. सगळं सुख शेवटी ब्लाँड बाईच्याच पदरात पडणार, हे तिने आधीच ताडलेलं असतं. काळ्या केसांची बाई जिंकते अशी गोष्ट द्या, एवढीच तिची डिमांड! आणि तिची स्वतःची गोष्ट? तीही पुरात बुडते. फार लागतं हे वाचताना.

बाय द वे, हे 'जॉर्ज' म्हणजे मेरी ॲन एव्हान्स नावाच्या बाई! १८५६ मध्ये त्यांनी लेडी नॉव्हेलिस्टांच्या सिली नॉव्हेल्सवर एक निनावी लेख लिहिला. कपडे परफेक्ट, नाच परफेक्ट, भक्ती परफेक्ट, वर बायबल थेट मूळ भाषांतून वाचणार, अशा ऑल-इन-वन नायिकांची त्यात त्यांनी सालटी काढली.

आता ट्विस्ट! १८६२ मध्ये मेरी एलिझाबेथ ब्रॅडनने 'लेडी ऑडलीज सीक्रेट' आणली. नायिका कशी? निळे डोळे, सोनेरी कुरळे केस, बाहुलीसारखा चेहरा. आणि ही बाहुली करते काय? पहिल्या नवऱ्याला विहिरीत ढकलते! वाचक हादरले आणि पुस्तक धडाधड खपलं.

मिशीवाली हिरोईन चालेल? विल्की कॉलिन्सच्या 'द वुमन इन व्हाइट'मध्ये मॅरियन पहिल्यांदा दिसते ती पाठमोरी. बांधा देखणा, उभं राहणं डौलदार. मग ती वळते आणि ओठांवर जवळजवळ मिशीच! पण डोकं असं तल्लख की, वाचक तिच्यावर फिदा. हिचं मूळ कोण, मला तिच्याशीच लग्न करायचंय, अशी पत्रं कॉलिन्सकडे यायची म्हणे. पुस्तकाच्या नावाने परफ्यूम निघालं, बॉनेट निघाली, नाचाच्या धूनसुद्धा निघाल्या. आजच्या भाषेत, फुल मर्चंडाइझ!

'घरातली देवदूत' कुठून आली, माहीत आहे का? कॉव्हेंट्री पॅटमोरच्या १८५४च्या कवितेतून. नवऱ्यासाठी झिजणारी, स्वतःचं मत नसलेली बाई. हिला संपवलं कुणी? व्हर्जिनिया वुल्फने! आपण शाईची दौत फेकून तिला मारलं, असं तिने १९३१च्या भाषणात सांगितलं.

देवदूत तळमजल्यावर, तर वेडी माळ्यावर! 'जेन एअर'मधली (१८४७) बर्था मेसन, म्हणजे नायकाची पहिली बायको, कोंडलेली असते, पण तिच्या तोंडी तिची बाजू एकदाही येत नाही. ती बाजू मांडायला १९६६ साल उजाडलं. कॅरिबियनमध्ये जन्मलेल्या जीन ऱ्हीसने 'वाइड सरगॅसो सी' लिहून बर्थाला आवाज दिला. माझ्या मते या सगळ्या हिशेबातली ही सर्वांत सुंदर परतफेड.

'पाय घसरलेल्या' नायिकेला मात्र एकच तिकीट, तेही वन-वे! ॲना कॅरेनिना रेल्वेखाली. एम्मा बोव्हारी आर्सेनिक खाऊन. एम्माचा तो प्रसंग लिहिताना लेखक फ्लोबेरच्या स्वतःच्या तोंडात विषाची चव आली आणि त्याला उलट्या झाल्या, असं त्याने पत्रात कळवलं होतं! १८५७ मध्ये 'मादाम बोव्हारी'वर अश्लीलतेचा खटला चालला आणि लेखक निर्दोष सुटला.

याच १८५७ मध्ये मराठीत काय घडलं, माहीत आहे का? बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' आली! यमुना नवऱ्याबरोबर प्रवासाला निघते, वाटेत विधवांचे हाल बघते, पुढे स्वतः विधवा होते आणि चक्क पुनर्विवाह करते. मग ३३ वर्षांनी, १८९० मध्ये, हरि नारायण आपट्यांच्या 'करमणूक' पत्रात 'पण लक्षात कोण घेतो?' सुरू झाली. हिची नायिका कोण? पुन्हा यमूच! पण ही यमू आपली कहाणी स्वतः सांगते. बळजबरीने केशवपन झालेल्या बाईच्या तोंडून 'मी' ऐकणं हा त्या काळच्या वाचकाला केवढा धक्का!

मधल्या काळात 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' अशा अद्भुतरम्य कादंबऱ्यांची चलती होती. राजकन्या, संकटं, विरह, सगळा मसाला. या पुस्तकांना जाब विचारला बुलढाण्याच्या एका बाईने. ताराबाई शिंदे! सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला बालहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांनी समस्त स्त्रीजातीला झोडपायला सुरुवात केली. ताराबाई भडकल्या. १८८२ मध्ये त्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. जे दुर्गुण बायकांच्या माथी मारता, ते पुरुषांत नाहीत का, असा थेट सवाल. शास्त्रं, पोथ्या, नाटकं, कादंबऱ्या, कुणालाच सुट्टी नाही!

टीका इतकी झाली की, महात्मा फुल्यांना आपल्या 'सत्सार'च्या अंकातून ताराबाईंची बाजू घ्यावी लागली. त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. जे आहे ते छोटंसं आहे, एका बैठकीत वाचून होतं. या रविवारी वाचाच!