बुडालेल्या बांधावरची चिलापी

राहुरी तालुक्यात बारागाव नांदूरजवळ मुळा नदी अडवून जे अवाढव्य मातीचे धरण बांधले आहे, त्याच्या पाठीशी तुंबलेल्या जलाशयाला ज्ञानेश्वरसागर म्हणतात. 26 हजार दशलक्ष घनफूट पाणी पोटात घेणाऱ्या या सागरात मासे आहेत हे कोणीही सांगेल, परंतु अमुक घटकेला ते नेमके कोठे आहेत हे सांगणारा विरळा. रोहू, कटला, मृगळ या मातबर जातींची गोष्ट निराळी. त्यांच्यासाठी जाळी लावून रात्रभर स्वस्थ बसता येते. गळाने धरावयाची ती चिलापी, आणि तिच्या शिकारीत बारा आणे भाग शोधाचा असतो.

पौषातल्या एका पहाटे एका वृद्ध भोयाच्या होडीत बसून हा शोध मी पाहिला. तात्या (सारा काठ त्यांना याच नावाने ओळखतो) वल्हे मारताना पाण्याकडे पाहतच नव्हते. त्यांची नजर काठावर होती. पूर्वेकडल्या टेकडीची सोंड पंपघराच्या आड गेली, आणि त्याच सुमारास दुसऱ्या अंगाला माळावरचा एकटा लिंब मागच्या डोंगराच्या खिंडीत बरोबर येऊन बसला, तेव्हा त्यांनी वल्हे उचलले आणि गाठी मारलेल्या सुतळीचा दगड पाण्यात सोडला. दीड वाव दोर गेला, दगड कशाला तरी टेकला, घसरला, आणि आणखी वावभर खाली उतरला.

"बांध लागला, मास्तर," ते म्हणाले. "शिवेचा बांध हा. याच्यावर तीन बाभळी होत्या."

धरणाखाली गेलेल्या जमिनींचे निवाडे, मोजणीचे नकाशे आणि नुकसानभरपाईचे कागद सरकारी दप्तरात रुमालात बांधून ठेवलेले असतील. परंतु कोणत्या शेताची हद्द कोठे होती, गाडीवाट ओढ्यात कोठे उतरत होती आणि कोणत्या ताली दगडी होत्या, याची चालू वहिवाट आज अशा चार-दोन भोयांच्या डोक्यातच शिल्लक आहे, कारण मासा त्या हद्दी अजून मानतो. सपाट, उघड्या तळावर त्याला ना आडोसा, ना अन्न. बुडालेल्या फांदीवर मात्र शेवाळ धरते, शेवाळात किडे पोसतात, आणि मोठा मासा मागे लागलाच तर काटेरी खोडाच्या आड शिरता येते. अमेरिकेतील तळ्यांत क्रॅपी नावाचा मासा असाच बुडालेल्या झाडांच्या आश्रयाने थव्याने राहतो, आणि त्याच्या लोभाने तिकडचे हौशी लोक नाताळ सरल्यावर घरातली सुकलेली झाडे वजन बांधून तळ्यात बुडवतात. आपल्याकडे हा खटाटोप पाटबंधारे खात्याने एकदाच आणि फार मोठ्या प्रमाणावर उरकून ठेवला आहे.

चिलापी मूळची आफ्रिकेतली, मोझांबिककडची. 1952 साली ती हिंदुस्थानात आणली गेली आणि पुढे कोणी न आणताही सर्वत्र पोचली. नर तळाच्या मातीत परातीसारखा खळगा उकरतो, आणि मादी अंडी तोंडात घेऊन उबवते. आईच्या मुखातच पाळणा असल्यावर वंश वाढावयाला कितीसा अवकाश? उन्हाळ्याच्या तोंडी हे खळगे उथळ, निवळ पाण्यात काठावरूनही दिसतात, तेव्हा तिला शोधणे पोरासोरांचे काम. थंडीत ती खोल सरकते, आणि मग तात्यांसारख्यांची गरज लागते.

बारीक गळाला गांडुळाचा तुकडा, त्याच्या वर वीतभर अंतरावर शिशाचा मणी, आणि तंगुसाचा दोर उजव्या तर्जनीवरून सोडलेला: इतकीच सामग्री, काठी नाही. गळ तळाला टेकवायचा नाही, फांद्यांच्या शेंड्यापासून हातभर वर अधांतरी ठेवायचा. चिलापी हिसडा देत नाही. ती आधी चाखते. बोटावर भिजल्या कापसाचा स्पर्श व्हावा इतकेच जाणवते, मग दोर क्षणभर सैल पडतो, आणि त्या सैलपणातच मनगट उचलायचे असते. मी पहिल्याच स्पर्शाला जोराने ओढले, आणि गळ कशात तरी पक्का रुतला.

"ओढू नका," तात्या शांतपणे म्हणाले. "बाभळ आहे ती. ती कुठं पळून जात नाही."

सूर्य हातभर वर येईपर्यंत त्यांनी वीस-बावीस मासे काढले आणि मी तीन. पाठीवरचे काटे तळहातात शिरू नयेत म्हणून मासा तोंडाकडून शेपटीकडे हात फिरवीत धरावा लागतो, ही गोष्ट मला दुसऱ्या माशाने शिकवली. मग स्पर्श एकाएकी थांबले. रब्बीचे आवर्तन चालू होते, कालव्यांना पाणी सुटल्याने जलाशय रोज थोडा थोडा उतरत होता, आणि आठवड्याभरात हा बांध सोडून चिलापी खालच्या ओढ्याकडे जाईल असा तात्यांचा हिशेब होता.

परतताना त्यांनी एका जागी होडी थांबवली. पुन्हा तशाच दोन खुणा जुळवणे, पुन्हा दगड. खाली गावची विहीर होती म्हणे. मी विचारले, येथे मासा मिळतो का? "पूर्वी मिळायचा," ते म्हणाले आणि दोरावरच्या गाठी मोजू लागले. "माझ्या आठवणीत सहा वाव दोर जायचा. आता चार." त्यांनी दगड वर काढला, त्याला चिकटलेला काळा गाळ बोटाने निपटून पाण्यात झटकला, आणि सुतळी मनगटावर गुंडाळून ठेवली.